बोर्ड मधेच गोठतो, मधेच रीसेट होतो : फ्रीआरटीओएसवरचं दुखणं शोधायचा क्रम

टेबलावर आठवडाभर चालू ठेवला तरी बोर्डाला काही होत नाही. तोच बोर्ड शेतातल्या स्टार्टर पेटीत बसला की दोन दिवसांत मालकाचा फोन येतो, ‘मिस कॉल देतोय, पण मोटर काही चालू होईना.’ पेटी उघडून पॉवर बंद-चालू केली की पुन्हा सगळं सुरळीत.

हा लेख त्याच दुखण्याबद्दल आहे. उदाहरणाला बोर्ड घेतलाय तो एसटीएम३२एफ१०३ चिपचा. त्यावर फ्रीआरटीओएस, म्हणजे एका चिपवर अनेक कामं (टास्क) आलटून-पालटून चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. बाजूला सिमकार्डाचा एसआयएम८००एल मॉडेम आणि कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा विजेचा स्विच) ओढणारा रिले. पंपाचे मोबाईल स्टार्टर, टाकीचे कंट्रोलर, पॉलिहाऊसचे टायमर, सगळ्यांची कुंडली साधारण हीच. झेफर किंवा थ्रेडएक्स अशी दुसरी सिस्टिम वापरत असाल तर फंक्शनची नावं वेगळी असतील, तपासायचा क्रम तोच. फंक्शनची सलग नावं देवनागरीत वाचवत नाहीत, म्हणून ती मी मधे आडव्या रेघा देऊन, सुरुवातीची अक्षरं गाळून लिहितोय.

लक्षणं

– बोर्ड काही तास, कधी काही दिवस चालतो आणि गप्प होतो. पॉवर काढून लावली की ठीक.
– एलईडी नेहमीसारखा लुकलुकतोय, पण एसएमएसला उत्तर नाही, बटणाला दाद नाही.
– एलईडीही थांबलाय. एकतर कायम चालू, नाहीतर कायम बंद.
– रिले वाजला किंवा कॉन्टॅक्टर सुटला की बोर्ड नव्याने सुरू होतो.
– शोधायला म्हणून कोडमध्ये एक प्रिंट टाकलं की बिघाड गायब, काढलं की हजर. ऑप्टिमायझेशन बदललं तरी तोच खेळ.
– डीबगर (चालता प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन) लावून थांबवलं तर प्रोग्राम हार्डफॉल्टमध्ये (न झेपणारी चूक झाली की चिप जिथे जाऊन अडकते तिथे) फिरत असतो, किंवा फ्रीआरटीओएसच्या लिस्ट-इन्सर्ट फंक्शनमधल्या एका छोट्या लूपमध्ये.
– दीड महिन्याहून थोडं जास्त नीट चालतं, मग टायमर वेड्यासारखे वागतात.

लिस्ट-इन्सर्टमध्ये अडकलेला दिसला तर तुमचं नशीब चांगलं. फ्रीआरटीओएसच्या सोर्समध्ये त्या लूपच्या वरच एक लांबलचक टीप आहे: इथे अडकला असाल तर स्टॅक (टास्कची तात्पुरती कामाची मेमरी) अपुरा आहे का बघा, इंटरप्टची (चालू काम थांबवून चिपचं लक्ष वेधणाऱ्या इशाऱ्याची) प्रायॉरिटी चुकली आहे का बघा, क्रिटिकल सेक्शनमधून (मधे कुणाला घुसू न देणाऱ्या कोडमधून) एपीआय, म्हणजे फ्रीआरटीओएसची फंक्शन, बोलावताय का बघा, तयार न केलेली क्यू किंवा सेमाफोर (टास्कना निरोप आणि इशारे द्यायची साधनं) वापरताय का बघा. लोक फाईल उघडतात, टीप न वाचता ब्रेकपॉइंट लावतात.

आधी एक गोष्ट ठरवा. बोर्ड रीसेट होतोय, पूर्ण गोठतोय, की अर्धवट गोठतोय? गिऱ्हाईक तिन्हींना ‘हँग’ म्हणतं, पण रीसेटचं मूळ बहुधा पॉवरमध्ये किंवा वॉचडॉगमध्ये (प्रोग्रामने वेळेत हाक दिली नाही तर चिप रीसेट करणाऱ्या घड्याळात) असतं, पूर्ण गोठण्याचं बहुधा स्टॅकमध्ये किंवा इंटरप्टमध्ये आणि अर्धवट गोठण्याचं जवळजवळ नेहमी कशाची तरी वाट बघत बसलेल्या एखाद्या टास्कमध्ये. हे न ठरवता सुरुवात केली तर स्टॅक दुप्पट करून बघ, डिले टाकून बघ, असं करत महिना जातो.

१. चिपलाच विचारा (खर्च शून्य)

एसटीएम३२ला रीसेट का झाला हे माहीत असतं. आरसीसी-सीएसआर या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या छोट्या नोंदीच्या जागेत) त्याचे फ्लॅग, म्हणजे खुणेचे बिट, असतात: पॉवर, वॉचडॉग, सॉफ्टवेअर, बाहेरची पिन. बूट झाल्याझाल्या ते वाचा, बाजूला ठेवा आणि मग पुसा. पुसले नाहीत तर जुने फ्लॅग तसेच राहतात आणि पुढच्या वेळी तुम्हाला दोन-तीन कारणं एकदम दिसतात.

वाचताना एक फसगत होते. आतून झालेला रीसेटसुद्धा रीसेटची पिन खाली ओढतो, त्यामुळे पिनचा फ्लॅग जवळजवळ प्रत्येक वेळी वर असतो. तो एकटाच वर असेल तरच कारण खरोखर बाहेरचं. तसं दिसलं तर रीसेटच्या पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे ना ते बघा. रीसेटचं बटण लांब वायरीवर पेटीच्या दारात नेलं असेल तर ती वायर अँटेनाचं काम करते, काढून टाका.

पॉवरचा फ्लॅग असेल तर थेट पुढच्या मुद्द्यावर जा. वॉचडॉगचा असेल तर दोष कोडमध्ये. सॉफ्टवेअरचा असेल तर तुमच्याच कोडमध्ये किंवा एखाद्या लायब्ररीत कुणीतरी मुद्दाम रीसेट मागितलाय, शोधा.

हे कारण बूटनंतरच्या पहिल्या एसएमएसमध्ये घाला. ‘चालू झालो, कारण वॉचडॉग’ एवढ्या मजकुराने शेतावरची एक फेरी वाचते. ईएसपी३२ या दुसऱ्या चिपवर यासाठी रीसेट-रीझन नावाचं तयार फंक्शन आहे, आणि व्होल्टेज पडलं तर तो सिरियलवर ब्राउनआउट असं स्पष्ट छापतो.

२. पॉवर (खर्च एका कपॅसिटरचा)

एसआयएम८००एलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि नेटवर्कशी बोलताना तो २ अँपिअरपर्यंत करंट खेचतो. तोही सलग नाही. जीएसएममध्ये प्रत्येक ४.६१५ मिलिसेकंदांत ०.५७७ मिलिसेकंदांचा एक झटका असतो. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्याला हा खड्डा दिसतच नाही. म्हणून ‘सर, ४.१ बरोबर येतंय’ हे उत्तर ऐकून मी पॉवरवरचा संशय कधीच काढून घेत नाही. सिग्नल कमी असेल तिथे मॉडेम जास्त जोर लावतो, म्हणून पुण्यात टेबलावर शांत असलेला बोर्ड डोंगराआडच्या विहिरीवर रडतो.

सोपी परीक्षा: मॉडेमला पूर्ण वेगळा सप्लाय द्या, फक्त ग्राउंड सामाईक ठेवा. बिघाड गेला तर कारण सापडलं. मग मॉडेमच्या पायाशी १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला विरोध कमी असलेला) कपॅसिटर, जाड आणि आखूड वायरी आणि दमदार सप्लाय. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला हे सगळं किरकोळीत मिळतं. कपॅसिटर घेताना पुन्हा वापरात आणलेला जुना माल नाही ना, एवढं बघा.

३.३ व्होल्टच्या बाजूला बहुतेकांनी एएमएस१११७ रेग्युलेटर लावलेला असतो. त्याला इनपुटवर सव्वा व्होल्टच्या आसपास जास्त लागतं. म्हणजे ५ व्होल्टची लाईन साडेचारच्या खाली घसरली की ३.३ही घसरायला लागते. चिपचा स्वतःचा पॉवर रीसेट मात्र २ व्होल्टच्या जरा खाली येतो. मधल्या पट्ट्यात रीसेटही नाही आणि चिपच्या शुद्धीची खात्रीही नाही. एफ१०३मध्ये पीव्हीडी नावाचा व्होल्टेजवर लक्ष ठेवणारा भाग आहे. तो २.९ व्होल्टवर लावा, इंटरप्ट आला की बॅकअप रजिस्टरमध्ये एक आकडा वाढवा. बॅकअप रजिस्टरं साध्या रीसेटमध्ये टिकतात. फुकटात मिळालेला ऑसिलोस्कोपच म्हणायचा.

आता रिले. रिलेच्या डीसी कॉइलवर उलटा डायोड, आपला साधा १एन४००७, हवाच. कॉन्टॅक्टरच्या एसी कॉइलचं प्रकरण वेगळं आहे. ती सुटताना निघणारा झटका पेटीतल्या सगळ्या वायरींत शिरतो. २४० व्होल्टच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ कपॅसिटर असा झटका शोषणारा स्नबर चालतो. ४१५ व्होल्टच्या कॉइलवर तो लावू नका, कारण सहज मिळणारे एक्स-२ कपॅसिटर २७५ किंवा ३१० व्होल्टचे असतात. कॉन्टॅक्टर बनवणाऱ्या कंपन्या त्या-त्या मॉडेलचा सप्रेसर विकतात, तोच घ्या.

इथे पहिल्यांदा थांबायचं. पेटीतली थ्री फेजची बाजू फर्मवेअरवाल्याची नाही. मेन स्विच खाली करून, परवानाधारक वायरमनकडून कॉन्टॅक्टरच्या कॉइलची वायर सोडवून घ्या आणि नुसता रिले वाजवत ठेवा. बोर्ड तरीही पडला तर दोष तुमच्या बाजूला, पडला नाही तर कॉन्टॅक्टरच्या. स्कोपची ग्राउंड क्लिप थ्री फेजच्या कशालाही लावू नका. ती अर्थला जोडलेली असते, आणि बोर्डाला यूएसबीने लॅपटॉप जोडलेला असेल तर तोही त्या साखळीत येतो.

३. तीन सेटिंग चालू करा (खर्च शून्य, वेळ एका चहाचा)

फ्रीआरटीओएसच्या कॉन्फिग फाईलमध्ये तीन गोष्टी बघा. असर्ट (चूक दिसताच तिथेच थांबवणारी तपासणी) लिहिलेला आहे का, स्टॅक ओव्हरफ्लोची (स्टॅक हद्दीबाहेर गेल्याची) तपासणी २ वर आहे का, आणि मॅलॉक-फेल्ड हुक (मॅलॉकने मागितलेली मेमरी मिळाली नाही की चालणारं फंक्शन) चालू आहे का. उदाहरणातून उचललेल्या प्रोजेक्टमध्ये यातलं काही ना काही बंद असतं. असर्ट नसेल तर कर्नल (फ्रीआरटीओएसचा गाभा) चुकीची गोष्ट मुकाट चालवून घेतो, आणि चूक एका ठिकाणी होऊन बोर्ड तिसऱ्याच ठिकाणी पडतो.

पण नुसता असर्ट चालू करून शेतावर पाठवू नका. क्यूबएमएक्सने (एसटीच्या कोड तयार करून देणाऱ्या साधनाने) तयार केलेला असर्ट इंटरप्ट बंद करतो आणि रिकाम्या लूपमध्ये बसतो. टेबलावर डीबगर लावलेला असताना ते उत्तम, शेतावर मात्र मालकाला तो गोठलेला बोर्डच दिसणार. त्याऐवजी लाईनचा आकडा बॅकअप रजिस्टरमध्ये टाका, रीसेट मागा आणि बूटनंतर तो एसएमएसने पाठवा. कोणती फाईल हे कळायला प्रत्येक फाईलला एक छोटा क्रमांक दिला की झालं.

बऱ्याच वेळा शोध इथेच संपतो.

४. स्टॅक

मूळ फ्रीआरटीओएसमध्ये टास्कचा स्टॅक बाइटमध्ये नसतो, वर्डमध्ये असतो. कॉर्टेक्स-एमवर (एसटीएम३२च्या आतला प्रोसेसर) १२८ लिहिलं म्हणजे ५१२ बाइट. ईएसपी३२च्या आयडीएफ या तयार कोडसंचात मात्र तोच आकडा बाइटमध्ये घेतात. एकीकडचं कोड दुसरीकडे नेलं की स्टॅक चौपट होतो किंवा पाव होतो. चौपट झाला तर मेमरी संपल्यावर कळतं, पाव झाला तर हा लेख वाचावा लागतो.

आता त्या ५१२ बाइटमध्ये कुणीतरी एसएमएससाठी २५६ अक्षरांचा लोकल अ‍ॅरे घेतो आणि वर एसएन-प्रिंटएफने व्होल्टेज दशांशात छापतो. दशांश छापणं स्टॅकवर फार भारी पडतं, शिवाय न्यूलिब या सी लायब्ररीत ते आतून मॅलॉकही बोलावतं. २३१.४ व्होल्ट छापायचे असतील तर २३१४ हा पूर्णांक घ्या आणि भागाकार व बाकी वेगवेगळी छापा. मोठे बफर स्टॅटिक करा.

किती उरतोय हे गेट-स्टॅक-हाय-वॉटर-मार्क सांगतं. ते आजवरची सगळ्यात कमी शिल्लक देतं, तीही वर्डमध्ये. आकडा घेण्याआधी बोर्डाला सगळ्या वाटा चालायला लावा: लांब एसएमएस, चुकीचा एसएमएस, सिम काढलेलं, एक फेज गेलेली. स्टॅक फुटतो तो बहुधा एरर हाताळणाऱ्या, क्वचित चालणाऱ्या कोडमध्ये, आणि टेबलावर तो कोड कुणी चालवलेलाच नसतो. चौथा हिस्सा तरी शिल्लक दिसल्याशिवाय मी पुढे जात नाही.

तपासणी २ वर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. ती टास्क बदलतानाच होते आणि स्टॅकच्या टोकाचे शेवटचे १६ बाइट शाबूत आहेत का एवढंच बघते. मोठा अ‍ॅरे त्या १६ बाइटवरून उडी मारून पलीकडच्याच्या मेमरीत लिहू शकतो, आणि हे १६ बाइट जसेच्या तसे राहतात.

फारसं कुणी न बघणारी एक जागा आहे. कॉर्टेक्स-एमवर इंटरप्ट टास्कच्या स्टॅकवर चालत नाहीत, त्यांचा मुख्य स्टॅक वेगळा असतो. त्याचा आकार लिंकर फाईलमध्ये ठरतो, आणि फ्रीआरटीओएसची ही तपासणी तिकडे ढुंकूनही बघत नाही. त्यातलाच दुसरा प्रकार: मेन फंक्शनमध्ये लोकल व्हेरिएबल घेऊन त्याचा पत्ता टास्कला देणं. शेड्यूलर (टास्क आलटून-पालटून चालवणारा भाग) सुरू होताना मुख्य स्टॅक पुन्हा वरपासून वापरायला घेतला जातो, म्हणजे तुमच्या व्हेरिएबलवर इंटरप्ट येऊन बसतात. पहिला इंटरप्ट येईपर्यंत सगळं छान चालतं. त्या व्हेरिएबलला स्टॅटिक लावा.

५. इंटरप्टची प्रायॉरिटी

याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण हा दोष कोड वाचून दिसत नाही आणि टेबलावर उगवत नाही.

कॉर्टेक्स-एममध्ये आकडा जितका लहान तितकी प्रायॉरिटी मोठी. शून्य सगळ्यात वरचा. फ्रीआरटीओएसच्या टास्कमध्ये नेमकं उलट, तिथे मोठा आकडा मोठा. एकाच प्रोजेक्टमध्ये दोन उलटे नियम, त्यामुळे गोंधळ ठरलेलाच. एसटीएम३२मध्ये प्रायॉरिटीचे चार बिट आहेत, म्हणजे ० ते १५. कॉन्फिग फाईलमधली मॅक्स-सिस्कॉल मर्यादा बहुधा ५ असते. अर्थ असा: ५ ते १५ मधले इंटरप्ट फ्रीआरटीओएस गरजेनुसार काही क्षण थोपवतो, आणि त्यांनाच फ्रॉम-आयएसआर प्रकारची (इंटरप्टमधून बोलवायची) फंक्शन वापरायची परवानगी आहे. ० ते ४ ला तो हात लावत नाही. ते कधीही मधे घुसतात, आणि म्हणून त्यांनी कर्नलचं एकही फंक्शन बोलवायचं नाही.

आता गंमत बघा. रीसेटनंतर प्रत्येक इंटरप्टची प्रायॉरिटी शून्य असते. म्हणजे मॉडेमच्या यूएआरटीचा (सिरियल पोर्टचा) इंटरप्ट चालू केला, प्रायॉरिटी द्यायची राहिली, आणि आतून क्यूमध्ये अक्षर टाकलं, की नियम मोडला. तरीही ते चालतं! कर्नल आपल्या याद्यांमध्ये फेरफार करत असताना, त्या काही मायक्रोसेकंदांतच अक्षर आलं तर यादी तुटते. टेबलावर मॉडेम थोडंच बोलतो. शेतावर नेटवर्क जातं-येतं, मॉडेम धडाधड ओळी फेकतो आणि कधीतरी ती वेळ गाठतो. प्रिंट टाकल्यावर बिघाड गायब होतो तोही यामुळेच, वेळा सरकतात.

म्हणून असं करा. प्रोजेक्टमधल्या प्रत्येक इंटरप्टची यादी कागदावर काढा, समोर प्रायॉरिटी लिहा, आतून कर्नलचं फंक्शन बोलावतो का ते लिहा. ‘बोलावतो’ आणि ‘५ पेक्षा लहान’ अशी जोडी दिसली की चोर सापडला. प्रायॉरिटीचे सगळे बिट प्रीएम्प्शनसाठी (एका इंटरप्टने दुसऱ्याला मधेच थांबवण्यासाठी) दिलेत ना तेही बघा. हाल (एसटीची तयार लायब्ररी) वापरत असाल तर त्याचं इनिट ते करून ठेवतं, जुनी स्टँडर्ड लायब्ररी असेल तर प्रायॉरिटी ग्रुप ४ तुम्हालाच लिहायचा आहे. आणि रजिस्टरमध्ये ५ हा आकडा वरच्या चार बिटांत जातो, म्हणजे ८० होतो. हाताने लिहिलेल्या कॉन्फिगमध्ये तिथे नुसता ५ सापडतो.

दुसरी चूक: इंटरप्टमधून साधं फंक्शन बोलावणं, फ्रॉम-आयएसआर नसलेलं. हे मुद्दाम कुणी करत नाही. हालचे आरएक्स-कम्प्लीट-कॉलबॅकसारखे कॉलबॅक साध्या फंक्शनसारखे दिसतात, पण चालतात इंटरप्टच्या आत. सीमसिस-आरटीओएस २ चं वेष्टन (फ्रीआरटीओएसवर बसवलेला एआरएमचा फंक्शनचा थर) वापरत असाल तर ते स्वतः ओळखून योग्य फंक्शन निवडतं, मात्र टाइमआउट शून्यच द्यावा लागतो.

कॉर्टेक्स-एम३, एम४, एम७ वर असर्ट चालू असेल तर चुकीची प्रायॉरिटी पहिल्याच फटक्यात पकडली जाते. तिसरा मुद्दा पाचव्याच्या आधी ठेवलाय तो यासाठी.

६. अर्धवट गोठणं

एलईडी लुकलुकतो, बाकी शांत. शेड्यूलर जिवंत आहे, कुणीतरी एक अडकलाय. टास्क-लिस्ट फंक्शन चालू करा आणि डीबग सिरियलवर यादी छापा. कोण ब्लॉक आहे, कोण सतत रेडी आहे, ते दिसतं.

मॉडेमचा टास्क ब्लॉक असेल तर कोडमध्ये मॅक्स-डिले शोधा. ‘उत्तर येईपर्यंत थांब’ असं लिहिलेलं असतं, आणि मॉडेम उत्तर देतच नाही, कारण तो स्वतःच रीसेट झालेला असतो. बाहेरच्या कुठल्याही वस्तूची वाट कायमची बघायची नाही. टाइमआउट द्या, तीनदा उत्तर नाही आलं तर मॉडेमची पॉवर तोडून जोडा.

दोन टास्क एकमेकांच्या म्युटेक्ससाठी (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या किल्लीसाठी) अडकले असतील तर घेण्याचा क्रम उलटा आहे. सगळीकडे एकच क्रम ठेवा. एखादा वरच्या प्रायॉरिटीचा टास्क कुठेही न थांबता फिरत असेल तर खालचे उपाशी मरतात. त्यात आयडल टास्कही (बाकी कुणाला काम नसताना चालणारा) येतो, आणि डिलीट केलेल्या टास्कची मेमरी तोच मोकळी करत असतो.

आणि प्रायॉरिटी इन्व्हर्जन. खालच्या टास्कने सामाईक वस्तू धरलीय, वरचा तिची वाट बघतोय, आणि मधलाच एक टास्क खालच्याला चालू देत नाही. यातलं सगळ्यात प्रसिद्ध प्रकरण नासाच्या मार्स पाथफाइंडरचं. यान ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलं, आणि मग त्याचा संगणक पुन्हापुन्हा रीसेट व्हायला लागला. त्यावर व्हीएक्सवर्क्स ही अशीच एक सिस्टिम होती. हवामानाची माहिती गोळा करणारा खालचा टास्क म्युटेक्स धरून बसायचा, संपर्काचा मधला टास्क त्याला मागे सारायचा, आणि माहितीच्या बसचं काम बघणारा वरचा टास्क वेळेत पुरा झाला नाही म्हणून यंत्रणा रीसेट मागायची. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या लोकांनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर हे घडवून आणलं आणि म्युटेक्सची प्रायॉरिटी इन्हेरिटन्स (म्युटेक्स धरलेल्याला वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी तात्पुरती देणं) चालू करणारा बदल मंगळावर पाठवला. ती सोय सिस्टिममध्ये आधीपासून होती, फक्त बंद होती.

फ्रीआरटीओएसमध्ये म्युटेक्सला इन्हेरिटन्स आपोआप मिळतं, बायनरी सेमाफोरला नाही. सामाईक वस्तूचं रक्षण बायनरी सेमाफोरने केलेलं दिसलं तर बदला. सेमाफोर इंटरप्टने टास्कला उठवण्यासाठी ठेवा.

७. मेमरी आणि घड्याळ

हीपमध्ये (चालू प्रोग्रामला मागून मिळणाऱ्या मेमरीत) कमीत कमी शिल्लक किती उरली होती हे मिनिमम-एव्हर-फ्री-हीप सांगतं. आकडा दिवसागणिक उतरत असेल तर गळती आहे. फ्रीआरटीओएसच्या मेमरी वाटपाच्या पद्धतींपैकी हीप २ मोकळे तुकडे परत जोडत नाही, हीप ४ जोडतो, म्हणून ४ घ्या. त्याहून बरं म्हणजे आवृत्ती ९ पासून टास्क आणि क्यू स्टॅटिक पद्धतीने तयार करता येतात. इतक्या छोट्या बोर्डावर चालू प्रोग्राममध्ये मेमरी मागायची गरज मला क्वचितच पटते.

घड्याळ: ३२ बिटांचा मिलिसेकंदांचा काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. ‘आत्ताची वेळ सुरुवात अधिक थांबा यापेक्षा मोठी आहे का’ अशी तुलना तिथे फसते. आत्तामधून सुरुवात वजा करा आणि ती बाकी थांब्याशी ताडा, अनसाइन्डमध्ये ती फसत नाही. मोठ्यांचंही असं होतं. बोइंग ७८७ च्या जनरेटर कंट्रोल युनिटमधला एक काउंटर सलग २४८ दिवस पॉवर चालू राहिली तर भरून वाहतो, म्हणून २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान-नियामक एफएएला आदेश काढावा लागला होता. तुम्हाला ५० दिवस थांबायची गरज नाही. कॉन्फिगमध्ये इनिशियल-टिक-काउंट असतं, ते काठाच्या मिनिटभर आधीचं ठेवा आणि बघत बसा. हालचा टिक वेगळा आहे, त्यालाही तसाच पुढे ढकला.

८. हार्डफॉल्ट

इथवर काही सापडलं नाही तर एसटी-लिंक डीबगर जोडा. फॉल्टच्या वेळी चिप आठ रजिस्टरं स्टॅकवर ठेवते, त्यात पीसीही (कोड कुठवर आला होता तो पत्ता) असतो. तो पत्ता मॅप फाईलमध्ये किंवा अ‍ॅडर-टू-लाईनने शोधला की कोडची ओळ मिळते. सीएफएसआर रजिस्टरमध्ये फॉल्टचा प्रकार मिळतो. तिथे ‘इम्प्रिसाइज’ दिसलं तर मिळालेली ओळ खरी नसते, खरी चूक थोडी आधी झालेली असते. एम३ आणि एम४ वर राइट बफर बंद करायचा एक बिट आहे. तो लावला की प्रोग्राम जरा मंदावतो, पण फॉल्ट जागेवर पकडला जातो.

वॉचडॉगबद्दल

वॉचडॉग लावा, पण या सगळ्यानंतर. आधी लावला तर बिघाड झाकला जातो आणि मोटर चालू असताना गुपचूप रीसेट होत राहतात. त्याला खाऊ (‘मी जिवंत आहे’ ही हाक) टायमरच्या इंटरप्टमधून कधीच घालू नका, सगळे टास्क मेले तरी इंटरप्ट चालूच असतो. प्रत्येक टास्कने आपली हजेरी एका देखरेखीच्या टास्ककडे लावायची, आणि सगळ्यांची हजेरी भरली तरच त्याने वॉचडॉगला हात लावायचा. एफ१०३मधल्या वॉचडॉगचं अंतर्गत घड्याळ ४० किलोहर्ट्झचं म्हणतात, पण ते ३० ते ६० च्या मधे कुठेही असू शकतं, त्यामुळे वेळ काठावर ठेवू नका.

कुठे थांबायचं

एकच बोर्ड पडतोय आणि त्याच फर्मवेअरचे बाकीचे नीट चालतायत? बोर्ड बदला. सोल्डर किंवा चिप, जे असेल ते असो, त्यामागे आठवडा घालवणं परवडत नाही.

कॉन्टॅक्टर तोडल्यावर बिघाड जातो आणि स्नबर लावूनही परत येतो, तर प्रश्न पीसीबीच्या मांडणीचा आहे. ग्राउंड कुठून फिरतोय, रिलेची ट्रॅक चिपच्या किती जवळून जाते, हे हार्डवेअर डिझायनरचं काम आहे. माल मोठ्या संख्येने विकायचा असेल तर ईएमसी चाचणी (विजेच्या गोंगाटात बोर्ड टिकतो का आणि स्वतः गोंगाट करतो का, याची) करून घ्या. मुंबईत समीर आणि पुण्यात एआरएआय या संस्थांमध्ये त्या होतात.

फॉल्टचा पत्ता दर वेळी वेगळा येतोय, असर्ट गप्प, स्टॅक भरपूर, प्रायॉरिटी बरोबर, तर कुणीतरी पॉइंटर भलतीकडे लिहितोय किंवा डीएमए (प्रोसेसरला न विचारता मेमरीत माहिती हलवणारा भाग) चुकीच्या जागी ओततोय. अशा वेळी ट्रेस डीबगर असलेला आणि तो वापरता येणारा माणूस गाठा. अंदाजाने कोड बदलत राहिलात तर दोष जाणार नाही, फक्त जागा बदलेल.

आणि बोर्ड लिफ्टवर, रुग्णाच्या यंत्रावर, वाहनाच्या ब्रेकवर किंवा बॉयलरवर असेल तर पहिल्या मुद्द्यापाशीच थांबा. यंत्र बंद करा, बनवणाऱ्याला कळवा. तिथे फर्मवेअरमध्ये परस्पर केलेला बदल हाच धोका आहे. अशा कामांसाठी सेफआरटीओएससारख्या प्रमाणित सिस्टिम आणि फंक्शनल सेफ्टी जाणणारी माणसं लागतात.

कुणालाही बोलावण्याआधी एवढं हाताशी ठेवा: प्रत्येक रीसेटचं कारण आणि वेळ यांची नोंद, कॉन्फिग फाईल, इंटरप्टचा तो कागद, प्रत्येक टास्कची उरलेली स्टॅक, बिघडलेल्या बोर्डावर असलेल्याच फर्मवेअरची ईएलएफ (कंपाइल झालेला प्रोग्राम) आणि मॅप फाईल (कोणतं फंक्शन कोणत्या पत्त्यावर, याची यादी). ईएलएफ नव्याने कंपाइल केलेली चालत नाही, पत्ते जुळत नाहीत.